एक्केचाळीस नंबरची फिल्म

पोर्ट एलियट, ओंटारियो
११ फेब्रुवारी

नोरीन,

पाठवणाऱ्याचं नाव वाचून तू हे पाकीट शेगडीत टाकलं नसशील, तर पुढे वाच. टाकलं असशील तर माझंही ओझं हलकं झालं असं समजेन.

नऊ वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. तुझा पत्ता नव्हता ही सबब आता चालणार नाही. तू शिकवतेस त्या शाळेच्या वेबसाइटवर तुझा फोटो सापडला. नववीच्या मुलांच्या घोळक्यात उभी आहेस, हातात बॅटरी आणि तारा. बारीक झालीस. न्यूफाउंडलंडला परत गेलीस हे बरं केलंस, घरचा वारा वेगळा असतो.

बातमी अशी की आपलं चेंबर, धातूंचे थर बसवायचं ते निर्वात यंत्र, मोडीत निघतंय. तीस एप्रिलला भंगारवाला येणार. मीही त्याच दिवशी निवृत्त होतोय. दोघांनी एकाच ट्रकमध्ये बसून जावं असा माझा विचार आहे. दोघांचेही पंप थकलेत.

परवा ऑफिसातली एक मुलगी आली होती, निरोपाच्या पुस्तिकेत माझ्यावर चार ओळी लिहायच्यात म्हणून. तिने विचारलं, "काका, तुम्ही इतकी वर्षं नेमकं काय केलंत?" मी म्हटलं, "बाई गं, अतिवाहक धातू आणि चुंबकी धातू या दोन सवती. अतिवाहकातून वीज अडथळ्याशिवाय वाहते, पण चुंबक शेजारी आला की तिचं सगळं कौतुक संपतं. आम्ही या दोघींना एकाच खोलीत नांदवायचा प्रयत्न करतो. खोलीची जाडी तुझ्या केसाचा हजारावा हिस्सा." ती म्हणाली, "नांदतात?" मी म्हटलं, "एकदा नांदल्या होत्या."

तुझी एक्केचाळीस नंबरची फिल्म, दोन धातूंचा तो पातळ थर. नायोबियम ही अतिवाहक सवत, कोबाल्ट ही चुंबकी. बाहेरून जबर चुंबक लावला तरी बाकीच्या फिल्मांच्या पाचपट वीज वाहून नेणारी. नंतर पुन्हा कधीच न जमलेली.

तुझे गाइड होते त्या ड्रमंडसाहेबांच्या जागी आता डॉक्टर ओकाफोर म्हणून बाई आल्यात. तल्लख आहेत, आणि चहा फार कडक पितात. त्यांनी तुझा मागे घेतलेला पेपर कुठून तरी शोधून काढला आणि माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"आर्वो, या फिल्मच्या आधी चेंबरमध्ये काय चाललं होतं?"

"आठवत नाही."

"रजिस्टरमध्ये आहे. तीन आठवडे गॅडोलिनियम धातू. थंडाव्याच्या यंत्रांवर काम करणाऱ्या गटासाठी."

"मग असेल."

"त्यानंतर आतले पत्रे, शील्डं, घासलीत?"

"सही आहे ना माझी?"

"सही दिसतेय हो. घासलीत का, ते विचारतेय."

तुझ्यावर आकडे बनवल्याचा आळ आला तेव्हाच्या चौकशी समितीतल्या तीन शहाण्यांना हा प्रश्न असा विचारायचं सुचलं नव्हतं. मी हसून वेळ मारून नेली. घरी येऊन विचार केला. कदाचित, कदाचित हं, त्या खेपेला शील्डं नीट घासली गेली नसतील. आमच्या हिची, हेल्मीची, ट्रीटमेंट तेव्हाच चालू होती, तुला आठवत असेल. घरात कॅन्सर असला की माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही. एवढंच कळवायचं होतं.

आर्वो लेहतिनेन


४ मार्च

नोरीन,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं.

तळं अजून गोठलेलं आहे. लोक बर्फावर खोपटं टाकून मासे धरतात. मी यंदा गेलो नाही. गुडघे म्हणतात घरी बस, आणि घरी बसलो की घर खायला उठतं. म्हणून लॅबमध्येच पडून असतो.

ओकाफोरबाई पाठ सोडत नाहीत. म्हणाल्या, "चेंबर नाहीतरी मोडायचंच आहे, मग त्यात काय घाण करायची ती करू या." बाईंची युक्ती अशी होती. आधी गॅडोलिनियमची चकती लावून यंत्र चालवायचं, आतल्या पत्र्यांवर चांगला थर बसेपर्यंत. मग नायोबियम आणि कोबाल्टच्या चकत्या लावायच्या आणि शील्डांना हात न लावता फिल्म करायची, तुझ्या एक्केचाळीस नंबरच्या आकड्यांबरहुकूम.

तुला माहीत आहे, आर्गॉन वायूचा मारा चकतीवर झाला की अणू उडून समोरच्या सिलिकॉनवर बसतात. पण ते भिंतीवरही बसतात, म्हणून शील्डं. आणि चकतीच्या तोंडाशी शील्डाची जी कड असते तिलाही मार बसतो. कडेवर आधीच्या कामाचा थर राहिला असेल तर तोही उडणार आणि फिल्ममध्ये जाणार. म्हणून धातू बदलला की शील्डं काढायची, वाळूच्या माऱ्याने घासायची, आम्लात बुडवायची, भाजायची, बसवायची आणि रजिस्टरवर सही करायची. चार तासांचं हमालीचं काम. शिकाऊ पोरांना मी पहिल्या दिवशी दम द्यायचो, "ताटं न घासता दुसऱ्याला जेवायला वाढाल का?" तुलाही दिला होता. तू म्हणाली होतीस, "आमच्या घरी सातजणं होतो, आम्ही वाढायचो."

तर काल फिल्म केली. घाणेरड्या शील्डांवर झाकण लावताना माझा हात अडखळला नाही, याचंच मला नवल वाटलं.

आता बाई मोजणीला बसणार. फिल्म गार करायला द्रव हेलियम मिळायची मारामार आहे, आठवडाभर लागेल.

आर्वो


२१ मार्च

नोरीन,

आली.

पाचपट नाही, चौपट. पण आली. तुझ्या आलेखावर हा आलेख ठेवला तर दोघी सख्ख्या बहिणी दिसतात. ओकाफोरबाई उभ्याच राहिल्या, खुर्ची मागे पडली. म्हणाल्या, "आर्वो, या मुलीने काहीही बनवलं नव्हतं! एकही आकडा नाही!"

बाईंनी समजावलं ते असं. गॅडोलिनियम नायोबियमशी मिसळतच नाही. दोघांचं हाडवैर. त्यामुळे ते फिल्मभर बारीक बारीक दाणे करून वेगळं बसतं. बसता बसता नायोबियममधला ऑक्सिजन शोषून घेतं, म्हणजे नायोबियम आणखी शुद्ध. आणि कोबाल्ट त्या दाण्यांभोवती गोळा होतं, सगळीकडे पसरून नासधूस करत नाही. दोन सवतींच्या भांडणात हा तिसरा, न बोलावलेला पाहुणा, आणि त्याच्यामुळे घर टिकलं. तुझ्या क्ष-किरणांच्या तपासणीत तो दिसला का नाही? त्याची रेघ कोबाल्टच्या रेघेला इतकी चिकटून येते की दोन्ही मिळून एकच वाटली. तू कोबाल्ट शोधत होतीस, तुला कोबाल्ट मिळालं. यात तुझी चूक नाही. मला विचारलंस तर कुणीही फसलं असतं.

मला रडू आलं नाही. मी चहा करायला गेलो.

चहा उकळत असताना एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. ती फिल्म पुन्हा करायला तू सतरा वेळा बसलीस. आणि सतराच्या सतरा वेळा मी तुला शील्डं आरशासारखी घासून दिली. दोन दोनदा. पोरगी अडचणीत आहे, तिला आपल्याकडून काही कमी पडू नये म्हणून. जितकं घासलं तितकं तुझं वाटोळं केलं. त्या हिवाळ्यात तू मला म्हणाली होतीस, "म्हातारबा, निदान तुमच्या कामावर तरी मला शंका घ्यावी लागत नाही. बाकी सगळ्यावर घेते." हे वाक्य मी विसरलो असतो तर किती बरं झालं असतं.

आता अडचण सांगतो. बाईंना हे छापायचंय. तुझं नाव पहिलं घालणार म्हणतात. पण रजिस्टरमध्ये "शील्डं स्वच्छ" असं लिहिलंय आणि खाली माझी सही. ती नोंद खोटी आहे असं कुणीतरी लिहून दिल्याशिवाय तुझ्यावरचा डाग पुसला जात नाही. लोक म्हणतील नव्या बाईंना नवी गंमत सापडली, जुन्या मुलीने मात्र बनवलंच होतं. बाई म्हणाल्या, "तुमच्याशिवाय कोण लिहून देणार, आर्वो?"

मी चार दिवस मागितले. त्याला आता सहा दिवस झाले.

तुला हसू येईल. विभागाने माझ्या नावाने बक्षीस ठेवलंय, दरवर्षी एका तंत्रज्ञाला. कशासाठी, तर चोख कामासाठी. पितळी पाटी तयार होऊन आलीय. माझ्या आडनावाचं स्पेलिंग पहिल्यांदाच कुणी बरोबर लिहिलंय.

आर्वो


८ एप्रिल

नोरीन,

मी तुला खोटं लिहिलं. पहिल्या पत्रात. आता खरं लिहितो, आणि मध्ये थांबलो तर पुन्हा लिहिणार नाही, म्हणून एका दमात लिहितो.

तुझी फिल्म ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यातली. हेल्मीची गाठ सापडली जानेवारीत. ऑक्टोबरात ती ठणठणीत होती, घराला रंग देत होती. डोकं ठिकाणावर नव्हतं हे खरं, पण ते कॅन्सरमुळे नव्हे. मूस हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होत होता. माझा मेहुणा रेइनो शुक्रवारी दुपारी दोनला गाडी घेऊन दारात येणार होता आणि घासायला चार तास लागणार होते. मी रजिस्टरवर सही केली, म्हटलं सोमवारी लवकर येऊन घासू, तू दहाशिवाय येत नाहीस. सोमवारी आलो तर तू आठलाच येऊन बसलेली. चेंबर बंद करून पंप लावलास. मला म्हणालीस, "म्हातारबा, शिकार मिळाली?" मी म्हटलं, "मिळाली." थांब, झाकण उघड, एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? पण सहीची शाई वाळली होती. वाटलं, होऊन होऊन काय होईल, एक फिल्म वाया जाईल. त्या हरणाचं मांस तूही खाल्लंस. हेल्मीने तुला डबा भरून दिला होता.

तुझे आकडे आले त्या दिवशी सगळे नाचत होते, तेव्हाच मी जाऊन रजिस्टरमधली ती सही पाहून आलो. मला भौतिकशास्त्र येत नाही, पण माझं चेंबर मला येतं. पुढच्या खेपेला शील्डं घासून दिली आणि तुझी फिल्म साधी निघाली, तेव्हा मला कळलं. नऊ वर्षांपूर्वी कळलं, नोरीन. या फेब्रुवारीत नव्हे.

आणि चौकशी. तू माझ्या समोर बसली होतीस, निळा स्वेटर, बाही ताणून हाताच्या मुठीत धरलेली. अध्यक्षबाईंनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं.

"मिस्टर लेहतिनेन, ही सही तुमची?"

"होय."

"म्हणजे चेंबर स्वच्छ होतं."

"होय."

इथे थांबलो असतो तर निदान दोनच पापं लागली असती. पण मी आपणहून पुढे म्हटलं, "माझ्या रजिस्टरमध्ये तीस वर्षांत एक चूक कुणाला सापडलेली नाही." ते टेबलाच्या टोकाला बसलेले टकले गृहस्थ म्हणाले, "मग उपकरणाच्या बाजूने काही बदललं नव्हतं. राहिल्या मिस नोरीन कीहो." तू माझ्याकडे पाहिलंस. रागाने नाही. तुला वाटलं मी तुझ्या बाजूने बोललो, तुझं चेंबर स्वच्छ होतं असं सांगून. बाहेर पडताना तू माझे आभार मानलेस.

नोकरी गेली नसती. फार तर एक कडक पत्र मिळालं असतं. मी काही वाचवायला म्हणून खोटं बोललो नाही, मला फक्त "आर्वोची सही" हे दोन शब्द प्यारे होते. लॅबमध्ये लोक म्हणायचे ना, आर्वोची सही म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तेवढ्यासाठी.

त्या संध्याकाळी सौनात, आमच्या वाफेच्या न्हाणीघरात, हेल्मीला सांगितलं. तिच्या डोक्यावर तेव्हा एक केस नव्हता. ती म्हणाली, "उद्या सकाळी जा आणि सांग." मी म्हटलं, "बघू." ती म्हणाली, "बघू काय? त्या पोरीचं कुणी नाही इथे." मग तिने माझ्याशी आठवडाभर अबोला धरला. उरलेले दिवस मोजके होते, त्यातला एक आठवडा असा गेला. वसंतात ती गेली. आणि तुला लिहायची वेळ आली तेव्हा मी तिच्याच आजाराच्या आड लपलो. याच्याहून खालची पायरी मला तरी ठाऊक नाही.

आता दमलो. बाकीचं काम उद्या.

आर्वो


१ मे

नोरीन,

सोबत तीन पानं आहेत. माझं निवेदन, सहीसकट, खाली ओकाफोरबाई आणि विभागप्रमुखांची पोच. शिकारीसकट सगळं लिहिलंय. एक प्रत मासिकाला गेली, एक चौकशी समितीच्या कपाटात.

काल निरोपसमारंभ झाला. चर्चच्या बायकांनी वेलचीचा पाव आणि कॉफी केली होती. विभागप्रमुख पाटी वाचायला उठले तेव्हा मी म्हटलं, जरा थांबा. आणि निवेदन वाचून दाखवलं. माझा आवाज मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता. वाचून झाल्यावर कुणी खोकलं, कुणी कप खाली ठेवला. विभागप्रमुख म्हणाले, "आर्वो, जुनी गोष्ट आहे, जाऊ द्या." मी म्हटलं, "तुमच्यासाठी जुनी आहे."

ड्रमंडसाहेब आले होते. हातात काठी आलीय. ते माझ्यापुढे येऊन उभे राहिले. "तू मला का नाही सांगितलंस? मी त्या मुलीला स्वतःच्या तोंडाने जा म्हटलं. दार उघडून धरलं मी तिच्यासाठी." त्यांनी कोट घातला आणि कॉफी न घेता गेले.

पाटी मी घेतली नाही. भंगारवाला वेळेवर आला. चेंबर चढवायला चारजण लागले.

मी माफी मागत नाही. मागितली तर द्यायची की नाही हा घोर तुझ्या मागे लागेल, आणि माझ्यामुळे तुझ्या मागे लागलेलं पुष्कळ झालं. उत्तराची अपेक्षा नाही. कागद तेवढे जपून ठेव.

आर्वो लेहतिनेन


बे दे ल्यू, न्यूफाउंडलंड
१४ मे

आर्वो,

तुमची पाचही पत्रं पोचली. पहिली चार मी न उघडता ड्रॉवरमध्ये टाकली होती. पाचवं हाताला जाड लागलं म्हणून फोडलं, आणि मग बाकीची एका बैठकीत वाचली. डॉक्टर ओकाफोरांना मी वेगळं कळवलंय. नाव घालायला माझी हरकत नाही.

तुम्ही सगळं लिहिलंत, पण एक गोष्ट तुम्हाला माहीतच नाही, म्हणून मी लिहितेय.

तिथून आले तेव्हा पहिलं वर्ष मी रागात काढलं. ते वर्ष सोपं होतं. दुसऱ्या वर्षी माझ्या वह्या काढून बसले, चूक शोधायला. रोज शाळेतून आले की तेच. काही सापडेना. तीन लॅबना जमलं नाही, ड्रमंडसाहेबांना जमलं नाही, मला स्वतःला सतरा वेळा जमलं नाही. आणि तुम्ही म्हणाला होतात चेंबर स्वच्छ होतं. जगात कुणीही खोटं बोलेल, तुम्ही बोलणार नाही, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. मग राहिलं कोण? मीच. हळूहळू मला वाटायला लागलं की असेल एखादा दिवस, दमले असेन, आकडे थोडे वर ओढले असतील आणि पुढे स्वतःशीच विसरले असेन. कोणता दिवस, तोही मी ठरवून टाकला. एक मंगळवार. तो मंगळवार मला आता दिसतो. खिडकीबाहेर बर्फ पडतोय, मी फाईल उघडून आकडा बदलतेय. असा दिवस झालाच नव्हता, हे तुमचं पत्र वाचूनही मला तो दिसतोच आहे.

एकदा असं ठरवल्यावर मला झोप यायला लागली. म्हणून मी त्याला धरून राहिले.

शाळेत मुलं प्रयोगाचे आकडे जुळवून आणतात. बाकीचे शिक्षक फाडून खातात त्यांना. मी आजवर एकालाही ओरडले नाही. मुलांना वाटतं मिस फार प्रेमळ आहेत. मला वाटायचं, मी कोणत्या तोंडाने ओरडू?

डेक्लनशी लग्न ठरलं तेव्हा मी त्याला बसवून सांगितलं, "मी एकदा खोटे आकडे दिलेत आणि त्यासाठी मला काढलंय. उद्या बाहेरून कळायला नको." तो कोळी माणूस. म्हणाला, "बरं." सहा वर्षं झाली. भांडण झालं तरी त्याने तो विषय कधी तोंडातून काढला नाही. माणूस असाच भला आहे.

काल तुमचे कागद त्याच्यापुढे ठेवले. तो कॉड मासे साफ करत होता. हात धुतले, पुसले, दोनदा वाचलं.

"म्हणजे तू केलं नव्हतंस?"

"नव्हतं."

"मग मला केलं म्हणून का सांगितलंस?"

मी त्याच्या हातातले कागद घेतले. उरलेले कॉड मी साफ केले, आर्वो.

नोरीन